तुरळक ठिकाणी

परवा सकाळी साडेसहाला आबांचा फोन. कसा आहेस, मुलं काय करतायत, काही नाही. एकदम प्रश्न.

"आज पिवळं हाय का रं?"

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही, पण आमच्या घरात २०२४ च्या ऑक्टोबरपासून हा प्रश्न रुळला आहे. पिवळं म्हणजे हवामान खात्याचा यलो अलर्ट. मी पुण्यात धनकवडीला राहतो. आबा आणि आई गावी, शिवऱ्याला. सातारा रस्त्यानं कात्रज ओलांडलं, खेड-शिवापूर मागं टाकलं की थोड्या वेळात आमचं गाव येतं. तालुका भोर. अंदाज मी पाहायचा आणि आबांना सांगायचा, अशी आमची वाटणी आहे. स्मार्टफोन आबांकडेही आहे, पण तो नातवंडांचे फोटो बघायला!

मी पाहिलं. पुणे जिल्हा, पिवळा रंग. तुरळक ठिकाणी मेघगर्जना आणि विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस. वळवाच्या दिवसांत दर दोन दिवसांनी दिसतं तेच वाक्य.

"आहे," मी म्हटलं.

"मग एक वाजता सोडतो बायकांना." फोन बंद.

शेणखत पसरायला सांगितलेल्या बायकांना दुपारी एकला सुट्टी आणि मजुरी मात्र पूर्ण दिवसाची. आबांना ओळखणाऱ्या कुणालाही हे सांगितलं तर तो माझ्याकडे संशयानं बघेल. आयुष्यभर एकेक रुपया मोजून शेती केलेला माणूस. तो असा कसा बदलला ते सांगायचं आहे. पण त्याआधी एका शब्दाबद्दल थोडं बोलतो, कारण माझ्या मते सगळी गोची त्या शब्दात आहे.

तो शब्द म्हणजे 'तुरळक'.

तुरळक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? तुरळक गर्दी, तुरळक वस्ती, माझ्या डोक्यावर आता उरलेत तसे तुरळक केस. थोडक्यात, नगण्य. त्यामुळे 'तुरळक ठिकाणी पाऊस' हे वाक्य आपण 'तुरळक पाऊस' असंच ऐकतो. मधला 'ठिकाणी' गळून पडतो. चार थेंब येतील, जातील, असा आपण त्याचा अर्थ लावतो आणि कामाला लागतो.

हवामान खात्याच्या भाषेत मात्र हे शब्द मोजून-मापून ठरवलेले आहेत. एखाद्या भागात पावसाची नोंद करणारी जेवढी केंद्रं आहेत, त्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर 'तुरळक ठिकाणी'. २६ ते ५० टक्के असेल तर 'काही ठिकाणी'. ५१ ते ७५ टक्के म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी', आणि त्याच्या वर गेलं की 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस किती पडणार हे सांगणारे शब्द अगदी वेगळे. चोवीस तासांत १५.६ ते ६४.४ मिलिमीटर म्हणजे मध्यम, ६४.५ पासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार. म्हणजे 'तुरळक ठिकाणी मुसळधार' हे वाक्य अगदी बरोबर आहे, त्यात काही विसंगती नाही. तुरळक हे नकाशाचं वर्णन आहे. तुमच्या शेतात किती पडणार, कसं पडणार, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. शिकलेला, शहरात नोकरी करणारा मी, आणि मला माहीत नव्हतं. आता ऑक्टोबरची गोष्ट सांगतो.

महिन्याचा तिसरा आठवडा होता. आमच्याकडे हळवं भात त्या सुमाराला कापणीला येतं. मी दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो होतो. भातकापणीची एक अडचण असते, ती ज्यांनी केली आहे त्यांनाच कळेल. भात कापून लगेच घरी आणता येत नाही. ते दोन-तीन दिवस खाचरातच पसरून वाळवावं लागतं, मग भारे बांधायचे. त्या दोन-तीन दिवसांत पाऊस आला तर दाणा काळा पडतो, कधी कधी मोड येतात. आणि उभंच ठेवलं तर वाऱ्यानं आडवं होतं, लोंब्या झडतात. म्हणजे कापलं तरी धाकधूक, नाही कापलं तरी धाकधूक. परतीच्या पावसात भाताचा शेतकरी आभाळाकडे बघत जेवतो ते यासाठी.

सकाळी आबांनी विचारलं, "तुझा फोन काय म्हनतो?"

मी म्हटलं, "यलो अलर्ट आहे. पण तुरळक ठिकाणी आहे हो आबा, विशेष काही नाही. होऊ द्या काम."

हे माझे शब्द. ते मी नंतर बरेच वेळा आठवले आहेत.

सहा बायका कामाला होत्या, शिवाय आई, आबा आणि मी. रान हायवेच्या खालच्या अंगाला आहे. वर ट्रक, गाड्या, एसट्यांची रीघ, आणि खाली आम्ही विळे घेऊन वाकलेले. दुपारी अडीचच्या सुमाराला पुरंदरच्या बाजूचं आभाळ काळं व्हायला लागलं. ढग वर चढताना अक्षरशः दिसत होता, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा. खालून काळाशार आणि वरून उन्हात पांढरा. लांबून गडगड ऐकू येत होती. आबा म्हणाले, "एवढं एक खाचर उरकू." कुणीच थांबलं नाही. सव्वातीनला एकदम गार वारा सुटला आणि टपोरे थेंब आले.

आता माणूस पाऊस आला की काय करतो? झाडाखाली जातो. आमच्या बांधावर एक जुना आंबा आहे. डबे, पाण्याची कळशी, सगळं त्याच्याच सावलीत ठेवलेलं. शेजाऱ्यांची गायही तिथंच बांधलेली. आम्ही सगळे आंब्याखाली. मी तर चक्क म्हणालो, "थांबू इथंच, सर आहे, जाईल दहा मिनिटांत."

बायकांमध्ये एक पासष्टीच्या आत्या होत्या. त्या मात्र झाडाखाली आल्याच नाहीत. पावसात उभ्या राहून ओरडायला लागल्या. त्यांच्या सासऱ्यांचे भाऊ असेच झाडाखाली गेले होते म्हणे, पन्नासेक वर्षांपूर्वी. "व्हा बाहेर, व्हा म्हनते ना! भिजल्यानं कुनी मरत न्हाई!" त्यांनी दोघींचे हात धरून ओढलेच. थोडी हसाहशी झाली, थोडी कुरकुर झाली, पण त्यांच्या वयाचा मान म्हणून आम्ही निघालो. घर तिथून दोनशे पावलांवर, स्लॅबचं. चिखलातून धडपडत, भिजत पडवीतून आत शिरलो. आई चहाचं आधण ठेवत होती तेवढ्यात ती पडली.

आवाजाचं वर्णन करता येत नाही. आवाज आणि उजेड एकाच वेळी आले, एवढंच आठवतं.

पाऊस थांबल्यावर, गडगडाट लांब गेल्यावर आम्ही बांधावर गेलो. आंब्याची साल वरपासून खालपर्यंत पट्टीसारखी सोलून निघाली होती. आणि झाडाखाली गाय पडलेली. अंगावर एक जखम नाही. आमचे डबे तसेच बाजूला.

त्या संध्याकाळी आमच्याकडे कुणी फारसं बोललं नाही. मी फोन पाहिला तर पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर नेहमीचा विनोद चालू होता. यलो अलर्ट दिला आणि दिवसभर कडकडीत ऊन! आता छत्री घरी ठेवायला हरकत नाही! असा विनोद मीही कित्येकदा केलेला आहे. नसरापूर आमच्यापासून पाच-सात किलोमीटरवर. तिथल्या नातेवाइकांना फोन केला तर ते म्हणाले, "आमच्याकडं तर थेंब नाही."

म्हणजे अंदाज अगदी बरोबर होता. तुरळक ठिकाणी म्हटलं होतं, आणि त्या दिवशी ते तुरळक ठिकाण आम्ही होतो.

नंतर मी याचा हिशेब मांडून बघितला. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे १५,६०० चौरस किलोमीटर. गडगडाटी पावसाचा एक ढग जमिनीवर साधारण दहा किलोमीटर लांब, दहा किलोमीटर रुंद एवढा भाग व्यापतो असं धरा. म्हणजे शंभर चौरस किलोमीटर. जिल्ह्याचे असे दीडशेहून जास्त तुकडे होतात. एखाद्या दुपारी त्यांतल्या दहा तुकड्यांवर असे ढग फुटले तरी उरलेल्या एकशे चाळीस तुकड्यांतली माणसं रात्री जेवताना म्हणणार की वेधशाळा पुन्हा चुकली. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण या एकशे चाळिसांचा आवाज मोठा असतो. त्यातही शहरातल्यांचा जास्तच. आणि ज्या दहा ठिकाणी तो पडला, तिथली माणसं चिखल उपसण्यात गुंतलेली असतात.

शिवाय आमचा जिल्हा म्हणजे एका टोकाला वेल्ह्याचा, भोरचा घाटमाथा, जिथं पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि दुसऱ्या टोकाला दौंड-बारामतीचा कोरडा पट्टा. हवामान खातं आता पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण शिवरे ना धड घाटमाथ्यावर, ना धड पठारावर. आणि वळवाचा किंवा परतीचा ढग घाट-पठार बघून येत नाही.

तुम्ही म्हणाल, एक गाय गेली म्हणून एवढं? तर आमच्याच रस्त्यावरच्या दोन गोष्टी आठवून बघा.

६ जून २०१३ ची संध्याकाळ. कात्रज बोगद्याच्या अलीकडे शिंदेवाडीजवळ जोराचा पाऊस झाला. डोंगर फोडून ओढ्यांच्या वाटा बुजवल्या होत्या, सगळं पाणी हायवेवर आलं, आणि एक आई आणि तिची चिमुरडी मुलगी त्यात वाहून गेल्या. ही काही खेड्यातली, नदीकाठची माणसं नव्हती. राष्ट्रीय महामार्गावरून जाणारी होती. शिंदेवाडी भोर तालुक्यातच येते.

दुसरी, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. पुण्याच्या दक्षिण भागात, आंबिल ओढ्याला पूर आला ती. शहरातली दृश्यं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याच रात्री खेड-शिवापूरला दर्ग्यात झोपलेले पाच जण वाहून गेले. पुणे आणि परिसर मिळून वीसहून अधिक माणसं त्या पावसानं नेली. त्या दिवशी जिल्ह्याच्या कितीतरी भागात साधा पाऊस होता. आणि शिवगंगा, जी एरवी सिंहगडाच्या बाजूनं निवांत वाहत आमच्या भागातून पुढे गुंजवणीला मिळते, ती त्या रात्री ओळखू येत नव्हती.

आता विजेचं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी अपघाती मृत्यूंचे आकडे छापतो. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. नैसर्गिक आपत्तीत त्या वर्षी एकूण ८,०६० जण गेले, म्हणजे तीनातला एक विजेनं. पुरापेक्षा, दरडीपेक्षा जास्त! आणि जाणारे बहुतेक शेतात, गुरांमागे, झाडाखाली असतात. एकेकटे जातात म्हणून बातमी आतल्या पानावर चार ओळींची येते. सरकारी निकषाप्रमाणे माणूस गेला तर घरच्यांना चार लाख, दुभती गाय गेली तर ३७,५०० रुपये. शेजाऱ्यांच्या गाईच्या निमित्तानं हे आकडे मला पाठ झाले. त्या आंब्याखाली आम्ही आठ जण होतो. तो गुणाकार मी मनात केला आहे, इथं लिहीत नाही.

या सगळ्यावर आबांचं म्हणणं सुरुवातीला वेगळं होतं आणि ते मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. ते म्हणाले, "रोजच पिवळं असतंय. रोज दुपारी काम बंद ठिवलं तर भात काय तुझ्या फोनात वाळवू?" लांडगा आला रे आला, अशी गत. ऑक्टोबरात दहा दिवसांपैकी सात दिवस पिवळे असतील तर तो रंग डोळ्यांना दिसेनासा होतो, हे खरंच आहे.

पण गंमत बघा. हेच आबा दर नक्षत्राला पंचांगात वाहन बघतात. म्हैस, बेडूक असेल तर पाऊस. हस्त लागला की हत्ती सोंडेनं पाणी ओतणार. पंचांग चुकलं तर ते म्हणतात, "अवंदा तसं झालं." आणि वेधशाळा चुकली तर, "त्यांना काय कळतंय?" पंचांगाला आपण माया लावतो आणि वेधशाळेला जाब विचारतो. मला हे एकदा हसत हसत बोलून दाखवावं लागलं. आबा रागावले नाहीत. म्हणाले, "पंचांग आपल्या बोलीत बोलतंय." 

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं आहे.

कारण ज्ञान लांब आहे अशी तक्रार आम्हाला करता येणार नाही. ते अगदी उशाला आहे. भारताचं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. १९२८ साली त्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात शिवाजीनगरला आलं. ते पुढे दिल्लीला गेलं तरी पुणेकर त्या जागेला अजून सिमला ऑफिसच म्हणतात. शेतीच्या हवामानाचा अभ्यास करणारा विभाग पुण्यात १९३२ साली सुरू झाला. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१४ साली महाराष्ट्रात वीज कुठं पडते ते टिपणारी यंत्रं बसवली, आणि त्यांच्याच 'दामिनी' या अ‍ॅपवर आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज पडतेय का ते दिसतं. एवढंच काय, आमच्या दक्षिणेला मांढरदेवच्या डोंगरावर याच संस्थेनं ढगांच्या अभ्यासासाठी रडार ठेवलं होतं. म्हणजे आमच्या डोक्यावरचे ढग शास्त्रज्ञांनी किती बारकाईनं न्याहाळले असतील!

तरीही त्या दिवशी आम्हाला वाचवलं ते आत्यांच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीनं. खात्यानं सांगायचं ते सांगितलं होतं. ते माझ्यापर्यंत पोचलंही होतं. आणि मी 'विशेष काही नाही' असं त्याचं भाषांतर करून आबांना दिलं. माहिती शिवाजीनगरपासून शिवऱ्यापर्यंत नीट आली आणि शेवटच्या एका माणसाशी येऊन अडली. तो माणूस मी.

म्हणून माझं मत असं आहे, की वेधशाळेवर विनोद करणं आता आपण थांबवावं. तो विनोद जुना झाला म्हणून नव्हे, तर त्या विनोदाची किंमत दुसरंच कुणी मोजतं म्हणून. आपण कचेरीत बसलेले असतो, अंदाज चुकला तर छत्रीचं ओझं होतं एवढंच आपलं नुकसान. पण आपण हसत राहिलो की तो अविश्वास गावापर्यंत झिरपतो आणि खाचरात वाकलेल्या बाईच्या डोक्यावर जाऊन बसतो. शिवाय तिला दुपारी थांबायचं की नाही हे ठरवायचा अधिकारही नसतो. तो शेताच्या मालकाला असतो. थांबली तर अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. तेव्हा पिवळ्या दिवशी तिनं काय करावं हा प्रश्न तिला विचारण्यात काही अर्थ नाही. तो मला आणि आबांना विचारायला हवा.

आमच्या घरात यावर चांगली दोन-तीन भांडणं झाली. शेवटी ठरलं ते असं. गडगडाटी पाऊस बहुतेक वेळा दुपारनंतरच येतो. तेव्हा पिवळ्या दिवशी काम सकाळी सातऐवजी सहाला सुरू करायचं आणि एकला थांबवायचं. मजुरी पूर्ण द्यायची. सहा बायकांचा अर्धा दिवस म्हणजे हजार-बाराशे रुपये. आबांना ते जड गेलं. मी म्हटलं, पिवळ्या दिवसाचे पैसे माझ्याकडून. पहिल्या दोन वेळा घेतले त्यांनी. तिसऱ्या वेळी नको म्हणाले. खरं सांगायचं तर सकाळच्या गारव्यात काम जास्त उरकतं, तोटा वाटला तेवढा होत नाही.

आणि काम एकच्या पुढे न्यावंच लागलं, तर मोजायचं. वीज चमकली की आकडे म्हणायला लागायचं, एक, दोन, तीन... गडगडाट ऐकू आला की थांबायचं. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत आवाज आला तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे, विळा ठेवायचा आणि निघायचं. पक्क्या घरात, नाहीतर दारं-काचा बंद असलेल्या गाडीत. देवळाचा उघडा ओटा नाही, चार खांबांवरचं पत्र्याचं शेड नाही, आणि झाड तर नाहीच नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. याला रेंज लागत नाही, अ‍ॅप लागत नाही. बायका विळे लांब फेकतात, लोखंड वीज ओढतं म्हणून. तसं नसतं, वीज आसपासचं उंच काय ते शोधते. आणि झाडावर पडली की बुंध्यातून जमिनीत पसरते. गुराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, त्यामुळे जमिनीतली वीज त्याच्या अंगातून जाते. गाईला जखम नव्हती ती यामुळे. हे मी आत्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला कारण म्हाईत न्हवतं, पर झाड नको येवढं म्हाईत व्हतं."

एक अपेक्षा मात्र खात्याकडूनही आहे. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द शास्त्राला पुरेसा असेल, शेताला पुरेसा नाही. त्याच्या शेजारी एक साधं वाक्य टाका. 'जिल्ह्यात थोड्याच गावांत होईल, पण जिथं होईल तिथं जिवाला धोका आहे. ते गाव तुमचंही असू शकतं.' बास. तीन तासांसाठीचा तातडीचा इशारा मिळतो, तो ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भोंग्यावरून आपल्या बोलीत सांगता येईल. आमच्याकडे सप्त्याचं पारायण अख्ख्या शिवारात ऐकू जातं, मग हेही जाईल की! त्यासाठी नवीन यंत्र नको, बोलायला एक माणूस हवा.

असो.

परवा संध्याकाळी मी पुन्हा फोन केला. काय झालं, आला का पाऊस?

"न्हाई आला," आबा म्हणाले. "निस्ता वारा आला आन् गेला. गराडं-सासवडकडं पडला म्हनत्यात."

मी जरा चाचरतच विचारलं, "मग? बाराशे रुपये गेले ना उगाच?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "गेलं तर गेलं. त्या आंब्याला औंदा पालवी आलीया, यका अंगानं. तू आलास की बघ."